कोंडिबाची गाडी

भोरचं संस्थान होतं, तेव्हाची गोष्ट. वेल्ह्याच्या बाजारातून तोरण्याकडं तोंड करून चालायला लागलं की ओढ्यापलीकडं एक वाडी लागते. दहा-पंधरा घरं, सगळी उतारावर. त्या वाडीतल्या रखमाजीच्या बायकोला, बाळाबाईला, गाडी पाहिजे होती. बैलगाडी नव्हे, घोडागाडी नव्हे. तान्ह्या पोराला निजवून ढकलायची गाडी. जिथं बैलसुद्धा बघून पाय टाकतो तिथं हिला बाबागाडी हवी म्हणून वाडी खदाखदा हसली. हसणाऱ्यांच्या बापाचं काय जात होतं? ज्याचं जळतं त्याला कळतं.

बाळाबाईचं पहिलं पोर पाचवीच्या आतच गेलं. दुसरं बारशाच्या आदल्या दिवशी. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा तिची सासू साळूबाई मेंगाई देवीच्या पुढं बसली आणि सांगून आली की हे पोर आमचं नव्हेच, हे उकिरड्यावर टाकायचं. शहरातल्या माणसानं हे ऐकून नाक मुरडावं, आमची काही हरकत नाही. पण ज्या घरातून दोन पोरं मातीत गेली त्या घरानं काय करावं तेही मग त्यानंच सांगावं.

चाल अशी होती. पोरं वाचत नसली की नव्या जिवाला सुपात घालून गावच्या उकिरड्यावर ठेवायचं. आईनं पाठ फिरवून निघून जायचं. दुसऱ्या कुणी बाईनं 'कुणाचं गं हे टाकलेलं?' म्हणत त्याला उचलायचं. मग आईनं परत यायचं, सूपभर कोंडा देऊन ते पोर विकत घ्यायचं आणि स्वतः घरी आणायचं. वाटेत दुसऱ्या कुणाचा हात लागता कामा नये. उंबऱ्यावर बसून त्याला पाजलं की सौदा पुरा झाला. एवढं केलं की मरणसुद्धा म्हणतं, असलं कोंड्याच्या मोलाचं पोर घेऊन मी काय करू? म्हणून तर त्याचं नाव कोंडिबा.

आता बाळाबाईचं नशीब बघा. आठव्या महिन्यात डोक्यावर गवताचा भारा घेऊन येताना ती बांधावरून घसरली. पोटातलं वाचलं, पण ही मोडली. उजवा हात खांद्यापासून निखळला. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून बांधला, सोडला तेव्हा तो वाळक्या दोडक्यासारखा लोंबत होता. डावा पाय ओढत चालायची ती कायमचीच. पोर मात्र गुटगुटीत झालं. बाराव्या दिवशी त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि थोरल्या जावेनं, सगुणाबाईनं, उचललं. सगुणाबाईच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती आणि कूस उजवली नव्हती. तिनं पोराला असं छातीशी धरलं की बघणाऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाळाबाई कोंड्याचं सूप घेऊन आली. एका हातानं सूप तोललं नाही, निम्मा कोंडा वाटेतच सांडला. उरलेला तिनं दिला आणि डाव्या हातात पोर घेतलं. चढाची वाट, दगडगोटे, आणि पाय असा. चार पावलं टाकली असतील नसतील, ती पोरासकट कोसळली. पोराच्या कपाळावर दगड लागला, रक्त आलं. सगुणाबाईनं झेप घालून त्याला उचललं आणि तशीच धावत घरी नेलं. उंबरा ओलांडला तो तिनं.

सौदा मोडला. साळूबाईनं कपाळावर हात मारला आणि निवाडा सांगितला, की पोर आता उचलणारीचं. बाळाबाईनं त्याला आपलं म्हटलं, आपल्या कुशीत निजवलं, की ते पहिल्या दोघांच्या वाटेनं जाईल. हे बाळाबाईला पटलं नसतं तर गोष्ट इथंच संपली असती. पोर तिचं, घर तिचं, उचलायचं आणि घ्यायचं. पण तिला ते पटलं होतं. सासूपेक्षा जास्त पटलं होतं, कारण दोन वेळा रिकाम्या झालेल्या मांडीवर हात ठेवून तीच बसली होती.

मग घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं? पोर रडलं की सगुणाबाई त्याला घेऊन यायची, बाळाबाईच्या मांडीवर ठेवायची. त्याचं पोट भरलं की उचलून न्यायची. दूध पाजायला बाळाबाई. न्हाऊ-माखू घालायला, अंगाई म्हणायला, दृष्ट काढायला सगुणाबाई. म्हशीला पान्हा फुटेपर्यंत रेडकू सोडायचं आणि मग दाव्याला बांधायचं, तसलाच प्रकार. फक्त म्हशीला निदान हंबरता येतं.

साळूबाई कठोर होती, पण खोटी नव्हती. एक दिवस चुलीपुढं ती म्हणाली, "सौदा पुन्यांदा करता येतो, बाळे. पर कुनाचा हात न लावता त्याला उकिरड्यावरनं हितवर आनलं पायजे. आन त्ये दूध पितंय तवरच. दूध तुटलं की आय कोन आन दाई कोन, देवालाबी वळकू येत न्हाई."

त्या दिवसापासून बाळाबाई त्या वाटेकडं बघायला लागली. ओढ्याकाठच्या उकिरड्यापासून वरच्या उंबऱ्यापर्यंतची वाट. तिथला प्रत्येक दगड तिला पाठ झाला.

थंडीच्या दिवसांत वेल्ह्याला कुणा साहेबाचा डेरा पडला. बरोबर मडम नव्हे, आपल्यातलीच शिकलेली बायको, आणि तिच्या पोराची बाबागाडी. काळीभोर, वर छत्रीसारखं टोप. पोर आत झोपलेलं आणि आया एका हातानं ढकलतेय, दुसऱ्या हातानं पान खातेय. बाळाबाई लंगडत तिथवर गेली होती मीठ आणायला. मीठ राहिलं बाजूला. न उचलता पोर चाललंय, हे बघून तिचे पायच जागचे हलेनात. तिनं त्या बाईला विनवलं, हात लावू द्या म्हणून. बाई भली होती, लावू दिला. बाळाबाईनं डाव्या हातानं ढकलून बघितली. सपाटीवर गाडी सुरेख गेली, आणि पहिला दगड येताच फेंगडी होऊन आडवी फिरली. चाकं काकडीच्या चकतीएवढी जाड. पाळणा छातीइतका उंच. पोर उचलल्याशिवाय त्यात घालायचं कसं? बाळाबाईनं तिथंच ओळखलं, ही गाडी अंगणातली. आपल्याला हवी ती निराळी. बुटकी पाहिजे, की सूप सरकवलं की आत जावं. चाकं तीनच पण रुंद. आणि मूठ मधोमध, एका हाताची.

आधी ती वाडीच्या सुताराकडं, सोनबाकडं गेली. सोनबानं तिचं सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि पांगुळगाडा करून दिला. पोर उभं राहायला शिकतं ना, ते ढकलतं तो. म्हणाला, गाडीच की ही. बाळाबाईला असा संताप आला की तो गाडा तिनं चुलीत घातला असता. पण पोराच्या नावानं आलेलं लाकूड जाळायचं नसतं म्हणून पडवीत टाकून दिला.

मग रखमाजीनं हात घातला. रखमाजी नवरा म्हणून वाईट नव्हता, फक्त कुठल्या गोष्टीत हात घालावा हे त्याला कळत नसे. त्यानं फळीला आंब्याच्या खोडाच्या तीन चकत्या ठोकल्या. बाळाबाईनं पोर घालायच्या आधी त्यावर भोपळा ठेवून बघितला. अर्ध्या चढावर चाक निघालं आणि भोपळा जो सुटला तो थेट ओढ्यात. वाडीतल्या बाया पोट धरून हसल्या. "कोंडिबा गेला गं वाहून," असंही एकजण म्हणाली. बाळाबाई हसली नाही, रडली नाही. फुटलेला भोपळा गोळा करून तिनं त्याची भाजी केली आणि त्या बाईच्या घरी वाटीभर पाठवून दिली.

असं करता करता पोर दहा महिन्यांचं झालं. खालचे दोन दात आले. सगुणाबाई त्याला पेजेचं बोट चाटवायला लागली. दूध तुटायचे दिवस जवळ आले, आणि गाडीचा पत्ता नाही.

तेवढ्यात आंबवड्याहून तिचा भाऊ गेनू आला. त्यानं सांगितलं की भोरला अय्युब म्हणून टांगे दुरुस्त करणारा आहे, लोखंड आणि लाकूड दोन्हीत हात चालतो त्याचा. पण माणूस बघितल्याशिवाय तो काम करायचा नाही. कुठला हात धडका आहे, पाय किती ओढतो, मूठ किती उंचीवर यावी, हे सगळं बघून मगच. म्हणजे बाळाबाईनं स्वतः गेलं पाहिजे. पोराला नेण्याचा प्रश्नच नव्हता. सौदा झाल्याशिवाय आई पोराला घेऊन वेशीबाहेर कशी जाईल? वर दातांचा ताप. सगुणाबाई म्हणाली, "जा की बाई निवांत. म्या हाय न्हवं?"

म्या हाय! खरं तर तिथंच बाळाबाईनं बसकण मारायला पाहिजे होती. पण दोन दिवसांत परत येऊ, येताना गाडी घेऊन येऊ, आणि मग कुणाच्या बापाची टाप आहे, असं तिच्या डोक्यात बसलेलं. निघायच्या आधी तिनं पोराला दोन्हीकडं पोट तट्ट होईस्तोवर पाजलं. ते दूध तोंडात धरूनच झोपलं. सगुणाबाईनं हळूच सोडवून घेतलं.

अय्युबचं दुकान भोरच्या रस्त्याला, चिंचेखाली. मोडके टांगे, चाकांच्या लोखंडी धावा, भात्याचा धूर. त्यानं बाळाबाईला चालायला लावलं, मूठ धरायला लावली, वाटेचा चढ किती ते विचारलं. सगळं समजून घेतलं आणि म्हणाला, परवा देतो. कारागिराचा परवा! त्यात लग्नसराई तोंडावर आलेली, टांग्यांची रांग लागलेली. परवा म्हणता म्हणता आठवडा झाला. आसाला हवं तसं लोखंड पुण्याहून यायचं होतं, ते आलं तर धाव बसेना. बाळाबाई आंबवड्याहून गेनूच्या गाडीतून यायची, चिंचेखाली दिवसभर बसायची आणि संध्याकाळी परत जायची. उजव्या हातातला माहेरचा चांदीचा गोठ तिनं अय्युबच्या पुढं ठेवला होता. वाळल्या हातात तो तसाही राहत नव्हता.

आणि छाती भरून यायची. दुपार झाली की पोराची वेळ कळायची, दगडासारखं टणक व्हायचं, ताप चढायचा. आईचं दूध पायदळी पडू द्यायचं नसतं. ती वाटीत पिळायची आणि दुकानामागच्या उंबराच्या झाडाच्या बुडाशी ओतून यायची. दूध आटता कामा नये, एवढंच तिला ठाऊक होतं. उंबर पोसला गेला म्हणायचा.

अय्युबची बायको इमामबी हे रोज बघत होती. तिनं पाच लेकरं वाढवली होती. एक दिवस ती बाळाबाईजवळ येऊन बसली.

"भैन, गाडी मागनं येईल. गेनूभाऊ घेऊन येईल. तू आधी लेकराकडं जा."

"गाडीबिगर जाऊन काय करू, इमामबी? पुन्यांदा धार द्यायला जाऊ?"

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको गं बाई. लेकरू गाडीची वाट बघत न्हाई."

बाळाबाई मनातून चिडली. जिचे दोन्ही हात धड, जिची पाचही घरात, तिनं सांगायला काय जातं? ती राहिली. तिचं चुकलं म्हणता येईल का? मला तर म्हणवत नाही. पण इमामबीचं बरोबर होतं.

आठवड्याचा पंधरवडा झाला आणि गाडी झाली. काय गाडी होती! बाभळीची चौकट, तीन बुटकी रुंद चाकं, वर टांग्याच्या जुन्या गादीचं चामडं. आत सूप बरोबर बसेल असा कठडा. मधोमध वर आलेली एक मूठ, बाळाबाईच्या डाव्या हाताच्या मापाची. मूठ दाबली की चाक अडायचं, म्हणजे चढावर दम खाता यावा. अय्युबनं आत एक पोतं ज्वारी ठेवून चिंचेभोवती तिच्याकडून फिरवून घेतली. पोतं इकडचं तिकडं झालं नाही. बाळाबाईनं त्याला हात जोडले म्हणावं तर एकच हात वर आला. अय्युबनं मान फिरवली.

खिंडीतून गाडी चालेना म्हणून गेनूनं ती डोक्यावर घेतली. पोराची गाडी माणसाच्या डोक्यावर, असं हसत हसत दोघं बहीणभाऊ वाडीत आले. बाळाबाई त्या दिवशी हसली. वर्षात पहिल्यांदा.

सगुणाबाई पडवीत पोराला घेऊन बसली होती. बाळाबाईला बघून पोरानं सगुणाबाईच्या खांद्यात तोंड लपवलं. नवं माणूस बघितलं की लपवतात तसं. सगुणाबाई म्हणाली, पहिले दोन-तीन दिवस लई रडला, मग राहिला. दमून आलीस, आज राहू दे, उद्या मंगळवार आहे, सासूबाई म्हणतात उद्याच सौदा करू. बाळाबाईला ते पटलं. एवढे दिवस थांबलो, एक रात्र काय? पोराला उंबऱ्यावरच घेऊ, रीतीनं, आपलं करून. छातीतलं दूध तिनं त्याच्यासाठी राखून ठेवलं.

सकाळी अख्खी वाडी ओढ्याकाठी जमली. हसायलाच आली होती. सगुणाबाईनं कोंडिबाला सुपात बसवून उकिरड्यावर ठेवलं आणि बाजूला उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ते नाकारण्यात अर्थ नाही. बाळाबाई गाडी ढकलत आली. गाडीतच कोंड्याचं सूप होतं. या खेपेला एक कणही सांडला नव्हता. तिनं ते सूप गाडीतून सगुणाबाईच्या हातात सरकवलं. खाली बसली, डाव्या हातानं पोराचं सूप ओढलं आणि कठड्यात नेमकं बसवलं. पोर बावरलं, पण गाडी हलली तसं त्याला मौज वाटली.

आणि ती निघाली. वाटेवरचा एकेक दगड पाठ केलेला. इथं डावीकडून, इथं थांबून, इथं मूठ दाबून. पाय ओढत होता, घाम डोळ्यांत जात होता, पण कुणाचा हात नाही, कुणाचा श्वास नाही. ज्या बाया भोपळ्याला हसल्या होत्या त्या तोंडावर पदर धरून बघत होत्या. सोनबा सुतारानं पागोटं काढलं. गाडी उंबऱ्याशी येऊन थांबली तेव्हा सासूनं, त्या लोखंडी बाईनं, डोळे पुसले.

बाळाबाई उंबऱ्यावर बसली. पोराला सुपातून मांडीवर ओढलं आणि चोळीची गाठ सोडली. दूध आपसूकच गळायला लागलं होतं.

कोंडिबानं बघितलं. नाक लावून वास घेतला. मग तोंड फिरवलं. बाळाबाईनं त्याचं तोंड पुन्हा वळवलं, ओठांवर दूध टेकवलं. त्यानं जिभेनं बाहेर ढकललं. तिनं पुन्हा केलं. तेव्हा त्यानं इवल्या हातानं तिला दूर लोटलं आणि वाटेच्या खाली, ओढ्याकडं बघून दोन्ही हात पसरले. तिकडं सगुणाबाई कोंड्याचं सूप धरून उभी होती.

"शेळीचं पाजलं तुमी?" बाळाबाईनं वरूनच विचारलं. मोठ्यानं नाही. पण सगळी वाडी गप्प होती, ऐकू गेलं.

"पंधरा दिस, बाई," सगुणाबाई म्हणाली. "उपाशी ठिवू त्याला?"

मुद्दाम केलं तिनं? देव जाणे. पोर रडतंय, आई नाही, घरात दुभती शेळी. कुणीही तेच केलं असतं. आणि कुणालाही हेही कळलं असतं की त्यानं काय होईल. बाळाबाईनं साळूबाईकडं बघितलं. साळूबाईनं मान खाली घातली. सौदा पुरा झाला नव्हता.

पोर रडायला लागलं होतं. बाळाबाईला वाटलं, धरून ठेवावं. एक दिवस रडेल, दोन दिवस रडेल, तिसऱ्या दिवशी पिईल. तिकडं नाही का राहिला? मग पहिले दोघं आठवले. विकत न घेतलेलं पोर कुशीत घेतलं तर काय होतं ते ती जाणून होती. तिचा हात आपोआप सैल पडला.

"जाऊबाई," ती म्हणाली, "न्या त्याला."

सगुणाबाई सूप टाकून धावत वर आली. कोंडा सगळ्या वाटेवर सांडला. घटकाभरात वाडीतल्या कोंबड्यांनी तो टिपून खाल्ला.

गाडी मात्र बेस झाली होती. वर्षभर चालली. सगुणाबाईची कंबर धरायची, तिला तर फारच सोयीची झाली. शेतावर जाताना, ओढ्यावर धुणं न्यायला, वेल्ह्याच्या बाजाराला ती कोंडिबाला त्यातच घालून न्यायची. डाव्या हातासाठी घडवलेली मूठ तिला जरा अवघड पडायची, पण सवय झाली. लोक थांबून बघायचे आणि विचारायचे, गाडी कुणी केली? दर शनिवारी चाकांना तेल तेवढं बाळाबाई घालायची. चाक कुरकुरलं की पोराची झोप मोडायची.